वय ४५, बारावी सायन्स १९९८. आता डी.फार्म करायचंय, फीचं कसं जमवावं?

कोयनाकाठची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. मी कराडजवळ राहते. ९८ साली बारावी सायन्स झाले, पीसीबी, मार्क बरे होते, पण त्याच उन्हाळ्यात लग्न झालं आणि कॉलेजचं तोंड बघितलंच नाही. गेली बरीच वर्षं एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरला आहे. चिठ्ठी वाचणं, एक्सपायरीचा माल वेगळा काढणं, स्टॉकिस्टची ऑर्डर, रिटर्न, जीएसटीची बिलं सगळं मीच बघते. डॉक्टरचं अक्षर आमच्या शेठना लागत नाही, मला लागतं. पण भिंतीवर फार्मासिस्टचं जे सर्टिफिकेट लावलंय ते भलत्याच माणसाचं, तो महिन्यातून एकदा येतो, सह्या करतो, पाकीट घेतो आणि जातो. मला पगार १३ हजार.

तर आता डोक्यात आलंय की आपणच डी.फार्म म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा करावा. जवळच्या प्रायव्हेट कॉलेजात चौकशी केली, फी वर्षाला ८५ हजार सांगितली. दोन वर्षं. मिस्टरांचा छोटा हत्ती आहे, भाडी मारतात, घर चालतं पण शिल्लक काही पडत नाही. मुलगा यंदा बारावीला आहे आणि पुढच्या वर्षी त्याचीही ऍडमिशन. दोघांची फी एकदम आली तर कसं व्हायचं? या वयात शिक्षणाला कर्ज मिळतं का? स्कॉलरशिप वगैरे असते का? कुणी असं शिकलं असेल तर पैशाचं कसं जमवलं ते सांगा. शाबासकी नंतर दिलीत तरी चालेल 😄

मोगरा७२
आधी शाबासकीच देणार! करा ताई करा.

तिखटमीठ
एवढे पैसे घालण्यापेक्षा मुक्त विद्यापीठातून करा ना, नोकरी सांभाळून होईल. माझ्या जावेने बीए केलं तसंच, फी अगदी किरकोळ होती.

कफ_सिरप
@तिखटमीठ, फार्मसी डिस्टन्सने होत नाही. फार्मसी कौन्सिलचा नियम आहे, कोर्स रेग्युलरच हवा, थिअरीला आणि प्रॅक्टिकलला वेगवेगळी ७५ टक्के हजेरी. कुणी पत्राने डी.फार्म करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका, ते सर्टिफिकेट घेऊन राज्य कौन्सिलकडे नोंदणीला गेलात तर तिथूनच परत पाठवतील. मी स्वतः बी.फार्म, १५ वर्षं रिटेलमध्ये आहे म्हणून सांगतो.

कोयनाकाठचीताई, पात्रतेत तुम्ही बसता. बारावी सायन्स पीसीबी किंवा पीसीएम पास एवढंच लागतं आणि वरच्या वयाची आडकाठी नाही. दोन वर्षांचा कोर्स, परीक्षा तंत्रशिक्षण मंडळाची, त्यानंतर ५०० तास ट्रेनिंग म्हणजे साधारण तीन महिने, मग कौन्सिलची नोंदणी. शिवाय २०२२ साली एक्झिट एक्झामचा नियम आलाय तोही धरून चाला. काउंटरचा अनुभव असला तरी केमिस्ट्री आणि अॅनाटॉमी पहिल्या वर्षाला घाम काढते हं.

पेन्शनर_पुणेकर
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. मुलगा बारावीला असताना आईने स्वतःच्या शिक्षणावर पावणेदोन लाख खर्च करणं मला पटत नाही. मुलाच्या पुढे ४० वर्षांचं करिअर आहे, तुमच्या पुढे १५. पैसा मर्यादित असेल तर जिथे परतावा जास्त तिथे घालावा.

भांडखोर_भाची
काकांचं आगमन झालं 🙏 आता धागा शंभरी गाठणार.

लोणंद_लोकल
@पेन्शनर_पुणेकर काका, परतावा म्हणताय तर हिशोबच करू. मुलगा इंजिनिअर होणार चार वर्षांनी, मग नोकरी लागेल तेव्हा लागेल, लागली की पुण्यात खोली घेऊन राहील आणि घरी पाठवलं तर पाठवेल. आई सव्वादोन वर्षांत फार्मासिस्ट होतेय, त्याच गावात, त्याच घरात, आणि काम तिला आत्ताच येतंय. उलट तिची कमाई वाढली तर मुलाचं तिसरं-चौथं वर्ष तीच काढेल. यात जोखीम कुठे जास्त आहे सांगा बरं.

पेन्शनर_पुणेकर
मुद्दा बरोबर आहे. पण मग मुलाच्या पहिल्या दोन वर्षांचं काय, ते कोण भरणार? त्यावर कुणी बोलत नाही.

हिशोबनीस
काका एका बाबतीत बरोबर आहेत, आणि ताईंच्या लक्षात आलंय की नाही माहीत नाही म्हणून लिहितो. इथे सगळे फीच्या मागे लागलेत. फी दोन वर्षांची १ लाख ७० हजार. पण कॉलेज रेग्युलर आहे, म्हणजे नोकरी सुटली. १३ हजार गुणिले २४, झाले ३ लाख १२ हजार. ट्रेनिंगचे तीन महिने धरले तर साडेतीन लाख. म्हणजे खरा खर्च पाच लाखाच्या वर आहे आणि त्यातला दोन तृतीयांश वाटा कुठल्याच पावतीवर येत नाही. अठरा वर्षांच्या पोराला हा खर्च नसतो कारण तो कमावतच नसतो. मोठ्या वयात शिकणाऱ्याला फीपेक्षा बुडालेला पगार मारतो. स्कॉलरशिप फी देईल, किराणा कोण भरणार ते आधी ठरवा.

कोयनाकाठची
@हिशोबनीस, खरं सांगू का, हे मी मांडलं होतं पण मिस्टरांना अजून सांगितलेलं नाही 🙈 फीचंच सांगितलंय.

रात्रीचा_राजा
एवढं कशाला डोकं लावताय. नॉन अटेंडिंग ऍडमिशन घ्या. आमच्याकडे अर्धा वर्ग तसाच असतो. थोडे पैसे जास्त द्यायचे, परीक्षेला आणि प्रॅक्टिकलला तोंड दाखवायचं, नोकरी चालू. सगळे करतात.

कफ_सिरप
सगळे करतात म्हणूनच आज मेडिकलमध्ये गोळी देणाऱ्याला ती कशाची हे माहीत नसतं. आणि हजेरीवर आता कौन्सिलची नजर असते, पकडलं गेलं तर कॉलेजचं काय व्हायचं ते होईल, विद्यार्थ्याचं वर्ष आणि पैसे दोन्ही जातात. ताई, तुम्ही पाकीट घेणाऱ्या माणसाबद्दल लिहिलंय ना, नॉन अटेंडिंगमधून तशीच माणसं तयार होतात.

रात्रीचा_राजा
साहेब उपदेश सोपा असतो. ज्याच्या घरात पगार थांबला की चूल थांबते त्याने काय करायचं? नियम करणाऱ्यांनी संध्याकाळचं कॉलेज काढावं की. मुंबईत रात्रशाळा आहेत, रात्रीची कॉलेजं आहेत, फार्मसीलाच काय सोनं लागलंय?

कफ_सिरप
संध्याकाळच्या कॉलेजचा मुद्दा मान्य. पण तोवर आहे त्या नियमात बसवावं लागेल.

अंगणवाडीची_बाई
फार्मसीचं मला कळत नाही पण मोठ्या वयात शिकण्याचं कळतं म्हणून लिहिते. मी अंगणवाडी सेविका. मुख्यसेविकेच्या पदासाठी पदवी लागते, माझी बारावी पण नव्हती. आधी सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी दिली, पोरीच्याच वर्गातली पोरं माझ्या बाकाच्या मागंपुढं. मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए. फी थोडीच होती तरी मानधनातून एकरकमी निघत नव्हती, आमच्या बचत गटातून अंतर्गत कर्ज घेतलं. गटातल्या बायका आधी म्हणाल्या की गटाचं कर्ज शेळीला देतात, शिलाई मशीनला देतात, बीएला कसं द्यायचं, बीए काय दूध देणार का. शेवटी आमच्या अध्यक्षबाईंनीच ठराव लिहिला, "सदस्येस शिक्षणाकरिता." नंतर दोघींनी तसंच घेतलं. तुमच्या गावात गट असेल तर विचारा ताई, पुस्तकं, एप्रन, परीक्षा फी असल्या किरकोळ पण अचानक येणाऱ्या खर्चाला लई उपयोग होतो, व्याज पण गटातच राहतं.

मोगरा७२
"बीए काय दूध देणार का" 😂😂

तिखटमीठ
अंगणवाडीची_बाई, मुख्यसेविका झालात का मग?

अंगणवाडीची_बाई
परीक्षा दिलीय. निकाल लागला की पेढे.

बँकेतले_बुवा
शैक्षणिक कर्जाबद्दल. मी सरकारी बँकेत आहे, कर्ज विभागात बरीच वर्षं काढलीत.

पहिली गोष्ट, बँका ज्या आदर्श कर्ज योजनेवर चालतात तिच्यात विद्यार्थ्याच्या वयाचं बंधन नाही. ४५ वय म्हणून शाखेतल्या माणसाने नाही म्हटलं तर त्याला योजनेतलं कलम विचारा. सहकर्जदार लागतो, तो आईवडीलच पाहिजे असं नाही, लग्न झालेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत नवरा-बायको किंवा सासू-सासरे चालतात. ४ लाखापर्यंत मार्जिन, म्हणजे स्वतःच्या खिशातला वाटा नाही आणि तारणही नाही. हप्ते कोर्स संपून एक वर्षानंतर सुरू होतात, परतफेड १५ वर्षांपर्यंत करता येते, अर्थात तुमच्या वयाला साहेब ६० च्या आत संपवायला सांगणार. फीबरोबर पुस्तकं, गणवेश, प्रयोगशाळेचं डिपॉझिट हेही कर्जात धरता येतं, लोक मागतच नाहीत. बऱ्याच बँका महिलांना व्याजात अर्धा टक्का सूट देतात. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा, म्हणजे नोंद राहते आणि शाखेला लेखी उत्तर द्यावं लागतं. तोंडी विचारलंत की तोंडीच नकार मिळतो.

दुसरी गोष्ट. २०२४ मध्ये जाहीर झालेली पीएम विद्यालक्ष्मी आणि हे पोर्टल यात गोंधळ करू नका. ती योजना देशातल्या वरच्या क्रमांकाच्या सुमारे ८६० संस्थांपुरती आहे, तालुक्याचं डी.फार्म कॉलेज त्यात येत नाही. जुनी व्याज अनुदान योजना आहे, कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखाच्या आत असेल तर कोर्स चालू असतानाचं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं, पण त्याला कॉलेज नॅक किंवा एनबीए मानांकित लागतं. कॉलेज निवडताना हे विचारा. फी सारखीच असलेल्या दोन कॉलेजांत यावरून पैशाचा बराच फरक पडतो.

गावठी_सीए
बुवांच्या पोस्टला जोडून: शैक्षणिक कर्जाच्या व्याजाला करवजावट मिळते (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०ई), स्वतःच्या शिक्षणालाही, आठ वर्षं. पण फक्त जुन्या कररचनेत, आणि कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेचं पाहिजे. पतसंस्थेचं किंवा सोनेतारण कर्ज काढून फी भरली तर मिळत नाही. ताईंच्या उत्पन्नाला कर लागतच नाही त्यामुळे त्यांना उपयोग शून्य, इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

भांडखोर_भाची
पीएफमधून काढता येत नाही का? पगार स्लिप असेल तर.

गावठी_सीए
पीएफच्या जुन्या नियमात गंमत होती. लग्नाला स्वतःच्या, भावाच्या, बहिणीच्या, पोरांच्या पैसे मिळायचे, पण शिक्षणाला फक्त मुलामुलींच्या. म्हणजे वयाच्या पन्नाशीत स्वतः लग्न केलंत तर पैसे, कॉलेजला गेलात तर नाही. याउलट पीपीएफ शहाणं आहे. पाच वर्षं झाल्यावर खातेदाराच्या स्वतःच्या उच्च शिक्षणासाठी खातं मुदतीआधी बंद करता येतं, प्रवेशाची आणि फीची कागदपत्रं द्यायची, व्याजात एक टक्का कापतात. नुसते थोडेच हवे असतील तर ठरावीक वर्षांनंतर अर्धवट रक्कमही निघते, मग खातं बंद करायची गरज नाही.

कोयनाकाठची
पीएफ कुठला दादा, मेडिकलमध्ये डायरीत पगार लिहितात 😅 पीपीएफ पण नाही. एलआयसीची एक पॉलिसी आहे, बघते.

सोनाराची_सून
सोनं तारण ठेवा सरळ. अर्ध्या तासात पैसे, ना सहकर्जदार ना पोर्टल. बांगड्या कपाटात ठेवून काय करणार.

लोणंद_लोकल
सोनेतारणाचा हप्ता किंवा व्याज लगेच भरावं लागतं, शैक्षणिक कर्जाचे हप्ते कोर्स संपल्यावर. पगार बंद असताना हा फरक मोठा आहे. शेवटच्या दोन-चार महिन्यांची ओढाताण असेल तर सोनं ठीक.

बाकी कराड आणि सोन्याचा विषय निघालाच आहे तर, भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती काल्यात, कराड तालुक्यातच. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात पोरांच्या जेवणाला पैसे नव्हते तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, शेवटी मंगळसूत्रही. आपल्याकडे बायकांचं सोनं दुसऱ्यांच्या पोरांच्या शिक्षणाला कामाला आलंय. एखादीने स्वतःच्या शिक्षणाला मोडलं तर कुणी नाक मुरडू नये.

पेन्शनर_पुणेकर
कमवा आणि शिका ही त्यांचीच देणगी. आमच्या वेळी कॉलेजच्या बागेला पाणी घालून लोक शिकले. कॉलेजमध्ये तसलं काही काम मिळतं का बघावं.

रात्रीचा_राजा
काका ४५ वर्षांच्या बाईला बागेला पाणी घालायला लावताय, त्यापेक्षा कॉलेजच्या लॅबमधला स्टॉक सांभाळायला ठेवा, क्लार्कपेक्षा बरा ठेवेल.

दाखला_दादा
स्कॉलरशिपचं कुणीच नीट लिहिलं नाही, लिहितो. सेतूत काम करतो त्यामुळे रोज हेच.

ओपनमधल्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, उत्पन्न ८ लाखाच्या आत, ट्यूशन फीच्या ५० टक्के. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या साइटवर अर्ज. आणि २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी दाखला असलेल्या मुलींना व्यावसायिक कोर्सला ट्यूशन आणि परीक्षा फी १०० टक्के. तुमच्याकडे यातला कुठला दाखला निघतो ते आधी बघा, आणि तुमचं कॉलेज, तुमचा कोर्स त्या यादीत आहे का ते ऍडमिशन घ्यायच्या आधी बघा. सगळ्यात महत्त्वाचं, प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्यायचा. कॉलेजवाले म्हणतील, "ताई कशाला राउंडची वाट बघता, संस्था कोट्यातून आजच सीट बुक करा." तिथे सही केलीत की स्कॉलरशिप गेली.

भांडखोर_भाची
म्हणजे शासनाच्या लेखी ताई "मुलगी" आहेत 😍 सासूबाईंना जीआर दाखवा.

वाठारकर
पण त्यात गॅपची अट आहे ना? दोन वर्षांपेक्षा जास्त गॅप असेल तर शिष्यवृत्ती नाही असं आमच्या इथल्या कॉलेजच्या क्लार्कने सांगितलेलं. ताईंचा गॅप तर सत्तावीस वर्षांचा.

दाखला_दादा
ही अट सगळेच उलटी वाचतात. गॅप कोर्सच्या दरम्यान नको, म्हणजे पहिलं वर्ष करून दोन वर्षं घरी बसला आणि मग परत आला असं नको. बारावी आणि कोर्सच्या मधल्या खंडाबद्दल ती अट नाही. त्या खंडाला फक्त गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, "या काळात मी कुठेही शिकत नव्हतो" एवढंच. क्लार्कने नाही म्हटलं तर त्याला योजनेची पात्रता स्क्रीनवर उघडून दाखवा, वाद घालत बसू नका.

अजून एक. ओबीसी असाल तर नॉन क्रिमीलेअर लग्नानंतरही आईवडिलांच्या उत्पन्नावरून निघतं, नवऱ्याच्या नाही. ईडब्ल्यूएसला मात्र नवऱ्याचंही उत्पन्न धरतात. यात अर्धी गर्दी चुकीचे कागद घेऊन येते.

वाठारकर
धन्यवाद. त्या क्लार्कने माझ्या बहिणीचं एक वर्ष घालवलं म्हणायचं.

सोनाराची_सून
ओबीसी महामंडळाची पण व्याज परतावा योजना आहे शैक्षणिक कर्जावर.

दाखला_दादा
आहे, पण त्यात वय १७ ते ३०. तिथे ताई मुलगी नाहीत.

पत्रा_शेड
ताईंना उपयोग नाही पण कुणाला होईल. बांधकाम कामगार मंडळात नवऱ्याची नोंदणी जिवंत असेल तर पदवीला वर्षाला २० हजार मिळतात, पोरांनाच नाही, कामगाराच्या बायकोलाही. आमच्या शेजारणीने बीकॉमला घेतले. सगळ्यांना वाटतं फक्त भांडी मिळतात.

कफ_सिरप
फीबद्दल राहिलंच. ८५ हजार हा आकडा कॉलेजने तोंडी सांगितलाय का? विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, कॉलेजनिहाय मंजूर आकडे साइटवर असतात. आमच्या भागात एका कॉलेजची मंजूर फी आणि तोंडी सांगितलेली फी यात १८ हजारांचा फरक होता, वरचे पैसे "डेव्हलपमेंट आणि इंडस्ट्रियल व्हिजिट" म्हणे. व्हिजिट गेली महाबळेश्वरला.

मोगरा७२
स्ट्रॉबेरी इंडस्ट्री हो 🍓

कोयनाकाठची
किती लिहिलंत सगळ्यांनी, मी वहीत उतरवून घेतलंय. आता पुढचं सांगते. काल शेठकडे विषय काढला. मला वाटलं चिडतील. उलट म्हणाले दोन्ही वर्षांची फी मी भरतो, कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी सहा ते दहा दुकानात ये, त्याचे सहा हजार देतो, पण पास झाल्यावर तुझं सर्टिफिकेट पाच वर्षं माझ्या दुकानाला लावायचं आणि पगार तेव्हा ठरवू. ओरिजिनल सर्टिफिकेट त्यांच्याकडे ठेवायचं. मिस्टर म्हणतात लगेच हो म्हण, देवच पावला. मला मात्र काहीतरी टोचतंय.

हिशोबनीस
टोचतंय ते बरोबर टोचतंय. शेठ १ लाख ७० हजार देणार आणि पाच वर्षं पगार "तेव्हा ठरवू". आज ते पाकिटवाल्याला महिन्याला काही देत असतीलच, ते वाचणार, वर तुम्ही पूर्ण वेळ. पाच वर्षांत महिन्याला पाच हजार जरी कमी दिले तरी तीन लाख झाले. शेठचं कर्ज बँकेपेक्षा महाग पडतंय.

कफ_सिरप
ओरिजिनल कुणालाही देऊ नका. नोंदणी तुमच्या नावाची आहे, ती दुकानात लावायची ती तुम्ही तिथे हजर असता म्हणून. १९४८ च्या फार्मसी कायद्यात नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय औषध द्यायला बंदी आहे, कलम ४२. ड्रग इन्स्पेक्टर आला आणि काही निघालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागणार. सोडायची वेळ आली तर सोडता आलं पाहिजे.

लोणंद_लोकल
पण सरसकट नाही पण म्हणू नका. संध्याकाळचे सहा हजार ही खरी सोन्यासारखी ऑफर आहे, हिशोबनीसांचा बुडालेला पगार अर्धा तिथेच भरून निघतो. फीचं त्यांच्याकडून घेऊच नका, ते बँकेकडून घ्या. म्हणजे शेठचा उपकार फक्त वेळेपुरता.

पेन्शनर_पुणेकर
हे मला पटलं. कर्ज संस्थेचं असावं, माणसाचं नसावं. आणि माझा आधीचा प्रश्न मी मागे घेत नाही, पण मुलालाही बॅंकेतून त्याच्या नावाने कर्ज मिळेलच. दोघांनी एकाच घरात अभ्यास केला तर वीज तेवढी वाचेल.

भांडखोर_भाची
काका पाघळले!!! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

बँकेतले_बुवा
एक सूचना. मुलाचा आणि तुमचा, दोन्ही अर्जांत सहकर्जदार तुमचे मिस्टरच येणार. एकाच शाखेत एकदम दोन फाइली टाकल्या तर उत्पन्न कमी म्हणून एक अडकू शकते. तुमचा अर्ज यंदा, मुलाचा पुढच्या वर्षी, असं आपोआप होतंय ते चांगलंय. यंदाच प्रवेश घ्या, वर्ष पुढे ढकललंत तर दोन्ही एकदम येतील.

कोयनाकाठची
शेठशी परत बोलले. फी नको म्हटलं, संध्याकाळचं काम द्या म्हटलं. थोडं तोंड वाकडं केलं, पण सहा हजारांना तयार झाले, कारण एक्सपायरीचं रजिस्टर दुसऱ्या कुणाला लागत नाही 😄 पास झाल्यावर तुमच्याकडेच राहीन असं मी म्हणाले, पण पगार आधी ठरवून, कागदावर, आणि ओरिजिनल माझ्या कपाटात. मिस्टरांना पगार बुडण्याचं पण सांगून टाकलं. दोन दिवस बोलले नाहीत, मग स्वतःच म्हणाले की सकाळची शाळेची एक फेरी मिळतेय ती घेतो.

कॅपसाठी कागद गोळा करतेय. बारावीची मार्कशीट, सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला. आता एक नवीनच लफडं, मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. कॉलेजात म्हणे कुठल्या नावाने भरायचं?

दाखला_दादा
प्रवेश मार्कशीटवरच्या नावानेच होतो, बोर्डाची परीक्षा आणि पुढे कौन्सिलची नोंदणी त्याच धाग्याने जाते. महाडीबीटी मात्र आधारवर चालतं, आणि पैसेही आधार जोडलेल्या खात्यावर येतात, म्हणून दोन्ही नावं एकाच बाईची हे दाखवणारा कागद लागणार. विवाह नोंदणीचा दाखला जोडा, सगळ्यात सोपं. नाहीतर गॅझेटात नावबदल, त्याला वेळ लागतो.

कोयनाकाठची
आमची लग्नाची नोंदणीच नाही हो. ९८ साली गावात कोण करत होतं.

दाखला_दादा
उशिरा पण होते. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत अर्ज, दोघांचे वयाचे पुरावे, तीन साक्षीदार, पत्रिका किंवा फोटो असेल तर उत्तम. भटजींची सही मागतात, ते हयात नसतील तर प्रतिज्ञापत्र. राउंडची तारीख यायच्या आत उरका.

लोणंद_लोकल
तानाजी म्हणाला आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं. इथे कोंढाणा घ्यायचाय तर आधी स्वतःचंच लगीन लावावं लागतंय 😂

मोगरा७२
साक्षीदार तीन हवेत ना? मी उंब्रजला असते, सांगा, येते. साडी नेसून येणार पण.

कोयनाकाठची
या या. भटजी आहेत अजून, फोन केला. म्हणाले दक्षिणा तेव्हाची की आत्ताची?